सहासष्ट नंबरचा रस्ता



‘विंचवाचें बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण मीं शाळेंत पस्तीस वर्षें शिकविली, आणि बदल्यांच्या निमित्तानें थोडीबहुत भोगलीहि. परंतु बिऱ्हाड खरोखरीच चाकांवर चढवून आपण परदेशांत हिंडूं, असें मात्र कधीं स्वप्नांतहि आलें नव्हतें. आमचे चिरंजीव अमेरिकेंत शिकागो शहराजवळ नोकरीस आहेत. २०२३ सालच्या ऑगस्टअखेर मी व सौ. त्यांच्याकडे गेलों. महिनाभरांतच आम्ही दोघें घरांत बसून कंटाळलेलीं पाहून त्यांनीं एक घरमोटार भाड्यानें ठरविली, आणि "बाबा, तुम्ही गांवीं जीप चालवीत होतांच; ही तिच्यापेक्षां सोपी आहे," असें म्हणून किल्ली माझ्या हातांत ठेवली. ती सोपी नाहीं, हें येथें नमूद करून ठेवतों.

घरमोटार म्हणजे पंचवीस फूट लांबीची एक खोलीच समजा. तिच्यांत बिछाना, गॅसची शेगडी, फ्रीज, लहानसें न्हाणीघर, सर्व कांहीं असतें. पोटांत तीन टांक्या : एक पिण्याच्या पाण्याची, दुसरी सांडपाण्याची, आणि तिसरीचें नांव नभोवाणीवर न घेतलेलें बरें. ही तिसरी टांकी दर तीन-चार दिवसांनीं ठराविक जागीं जाऊन, हातमोजे घालून, जाड नळीनें स्वतः रिकामी करावी लागते. अमेरिकेंत श्रमप्रतिष्ठा आहे असें पुस्तकांत वाचलें होतें. तिचा प्रत्यक्ष पाठ मीं त्या नळीपाशीं गिरविला. गाडी गॅलनभर पेट्रोलांत जेमतेम नऊ मैल जाते. त्यांतून तिकडे रस्त्याच्या उजव्या बाजूनें चालवावयाचें. पहिले दोन दिवस प्रत्येक वळणावर सौ. "उजवीकडे, उजवीकडे" असा घोष करीत असे, व मी तिच्यावर चिडत असें. तिनें घोष केला नसता तर आज हें भाषण झालें नसतें.

आम्ही निघालों तो रस्ता म्हणजे ‘रूट सिक्स्टी-सिक्स’, सहासष्ट नंबरचा रस्ता. ११ नोव्हेंबर १९२६ रोजीं अमेरिकेंतील हमरस्त्यांच्या क्रमांकांस मंजुरी मिळाली, त्यांतला हा एक. टल्सा शहरचे सायरस एव्हरी नांवाचे गृहस्थ या रस्त्याचे जनक मानले जातात. त्यांना ६० हा क्रमांक हवा होता. केंटकी राज्यानें हरकत घेतली, तेव्हां तडजोड म्हणून ६६ घेतला. शिकागोपासून पॅसिफिक महासागरापर्यंत आठ राज्यांतून जाणारा हा सुमारें २,४०० मैलांचा रस्ता प्रथम बराचसा कच्चाच होता. १९३३ ते १९३८ या मंदीच्या काळांत हजारों बेकार तरुणांना टोळ्या करून कामावर लावलें, आणि १९३८ सालीं तो आरंभापासून अखेरपर्यंत पक्का झाला. पुढें १९५६ च्या कायद्यानें नवे आंतरराज्य महामार्ग आले, आणि २७ जून १९८५ रोजीं सहासष्टचें नांव सरकारी यादींतून काढून टाकण्यांत आलें. रस्ता जागच्या जागीं राहिला. नंबर तेवढा गेला. त्यामुळें आज तो शोधत जावें लागतें. कोठें तो नव्या महामार्गाखालीं गडप होतो, कोठें त्याच्या शेजारून पोरक्या पोरासारखा धांवतो, तर कोठें एखाद्या शेताच्या बांधाशीं येऊन संपतो.

मास्तराच्या संवयीप्रमाणें मीं निघण्यापूर्वीं वेळापत्रक केलें होतें. तेरा दिवस, रोज दोनशें मैलांच्या आंत-बाहेर, दुपारीं एक तास सुट्टी. तें पहिल्याच दिवशीं मोडूं लागलें. इलिनॉय राज्यांत रस्त्याच्या कडेला भोपळ्यांचा ढीग दिसला कीं सौ. म्हणे थांबा. मिसिसिपी नदीवर ‘चेन ऑफ रॉक्स’ नांवाचा १९२९ सालचा जुना पूल आहे. तो नदीच्या मध्यावर चक्क वांकडा वळतो. मोटारींना तो आतां बंद आहे, पायीं जातां येतें. मला तो लांबून पाहून पुढें जावयाचें होतें. ती पार पलीकडच्या टोंकापर्यंत जाऊन आली, व आमचे दोन तास गेले. ओक्लाहोमांत मायॅमी व ॲफ्टन या गांवांमध्यें १९२२ सालचा एक तुकडा शिल्लक आहे, त्याची रुंदी अवघी नऊ फूट. पैसे अपुरे होते, तेव्हां अर्ध्या रुंदीचा कां होईना, पण पक्का रस्ता करावा, असा हिशेब त्यांत होता असें सांगतात. मला तो हिशेब पटला. एवढ्यावर समोरून गाडी आली तर एकानें खालीं उतरावें, हें ओघानेंच आलें. आमच्या समोरून सुदैवानें कोणी आलें नाहीं.

ओक्लाहोमापासून मात्र या रस्त्याचा इतिहास करमणुकीचा राहत नाहीं. पहिल्या महायुद्धांत गव्हाला भाव आला, म्हणून मध्य अमेरिकेंतील गवताळ मैदानें नांगरलीं गेलीं. गवताच्या मुळांनीं धरून ठेवलेली माती मोकळी झाली. १९३० नंतर वर्षांमागून वर्षें पाऊस पडला नाहीं, आणि ती माती वाऱ्यानें उठली. १४ एप्रिल १९३५ च्या दुपारीं धुळीची अशी भिंत आली कीं दिवसां अंधार झाला. त्या रविवारास तेथें ‘काळा रविवार’ म्हणतात. धुळीनें पळालेले कुणबी होतेच, पण त्यांच्याहून कितीतरी अधिक लोक पूर्वेकडील कापूसपट्टींतले कूळवहिवाटदार होते. कापसाचा भाव पडला, ट्रॅक्टर आले, आणि मालकांनीं त्यांना जमिनीवरून उठविलें. अशीं दोन लाखांहून अधिक माणसें त्या दशकांत कॅलिफोर्नियाकडे गेलीं, व त्यांतील फार मोठा भाग या रस्त्यानें गेला. क्लिंटन या गांवीं या रस्त्याचें संग्रहालय आहे. तेथें त्या दिवसांची हकीकत मांडली आहे. जुनाट मोटार, टपावर गाद्या, मागें कढया व कोंबड्या. मी तारखा टिपून घेत होतों. सौ. कांहीं बोलली नाहीं. बाहेर आल्यावर "चला" एवढेंच म्हणाली.

त्यानंतर दोन दिवसांनीं आम्ही टेक्सस राज्यांत अमॅरिलो शहर मागें टाकून पश्चिमेस चाललों होतों. येथें नवा महामार्ग आणि जुना रस्ता अगदीं हाकेच्या अंतरावर शेजारीं शेजारीं आहेत. नव्यावर गाड्या सुसाट जात होत्या. जुन्यावर आम्ही एकटेच. दुतर्फा कमरेइतकें पीक उभें होतें, प्रत्येक ताटाच्या शेंड्याला तांबूस, घट्ट कणीस. एकाएकीं सौ. म्हणाली, "अहो, थांबवा." वेळापत्रकांत आम्ही तेव्हां चार दिवस मागें होतों. मीं ऐकलें न ऐकलेंसें केलें. "थांबवा म्हणतें ना!" अशा आवाजांत ती माझ्याशीं क्वचितच बोलली असेल. नव्या महामार्गावर गाडी बिघडल्याशिवाय कडेला उभें राहण्यास मनाई असते. आम्ही तिकडे असतों, तर मी त्या नियमाचा आधार घेऊन पुढें गेलों असतों. जुन्यावर सबब नव्हती.

ती उतरून शेताच्या कडेला गेली, एक कणीस हातांत घेऊन तिनें दाणे चोळले, आणि म्हणाली, "मिलो."

तरुण श्रोत्यांस हा शब्द ठाऊक नसेल. १९७२ सालीं महाराष्ट्रांत मोठा दुष्काळ पडला, तेव्हां रेशनच्या दुकानांत अमेरिकेहून आलेली तांबडी ज्वारी मिळे, तीच मिलो. तिची भाकरी थापावयास गेलें कीं कडा चिरत, रंग विटेसारखा, आणि घास घशाखालीं उतरावयास पाणी लागे. सौ. तेव्हां दहा वर्षांची होती. तिचें माहेर बीड जिल्ह्यांतलें. गांवालगत दुष्काळी काम निघालें होतें, रस्त्याची खडी फोडण्याचें. मुलांचीं नांवें हजेरीपटावर घेत नसत. पण आईच्या ढिगांत भर पडावी म्हणून ती रोज हातोडी घेऊन बसे. तिच्या डाव्या अंगठ्याचें नख किंचित् तिरपें आहे. तें जन्मजात असावें, असें मी चाळीस वर्षें समजत आलों होतों. त्या दिवशीं टेक्ससमध्यें, रस्त्याच्या कडेला, तें कशानें झालें हें मला कळलें. आणि ज्या रस्त्याची ती खडी, त्याच रस्त्यानें १९८३ सालीं आमच्या लग्नाचें वऱ्हाड गेलें होतें. त्यावरील खड्ड्यांबद्दल मीं त्या वेळीं मेहुण्यांपाशीं तक्रार केल्याचें मला स्पष्ट आठवतें.

आम्ही उभीं होतों इतक्यांत एक म्हातारा शेतकरी आपली मालगाडी घेऊन आला. गाडी बिघडली काय, म्हणून त्यानें विचारलें. माझें इंग्रजी मॅट्रिकचें. तरी मीं त्याला समजावून दिलें कीं, हें धान्य आमच्या देशांत आलें होतें व हिनें तें खाल्लें आहे. तोहि त्याला मिलोच म्हणत होता. "आम्ही हें गुरांना घालतों," तो म्हणाला, आणि लगेच ओशाळला. कांहीं माल दारूसारखें इंधन करण्याकडे जातो, असेंहि त्यानें घाईघाईनें सांगितलें. मग त्यानें विचारलें, लागत कसें होतें? मीं सौ.ला मराठींत विचारलें. ती म्हणाली, "सांगा त्याला, कडू लागायचं." मीं त्याला सांगितलें, चांगलें लागत असे. त्यानें पांच-सहा कणसें मोडून तिच्या ओंजळींत दिलीं. यंत्रानें कापणी करतां यावी म्हणून तिकडे हें पीक मुद्दाम बुटकें केलेलें असतें. आपल्याकडच्या डोक्यावरून जाणाऱ्या ज्वारींत माणूस दिसत नाहीं; येथें ती कणसें घेऊन उभी असलेली मला गाडींतूनहि नीट दिसत होती.

वेळापत्रक मीं त्या रात्रीं बॅगेंत ठेवलें तें पुन्हां काढलें नाहीं. न्यू मेक्सिकोचें आकाश मोठें आहे, एवढेंच सांगून पुढें जातों. ॲरिझोना राज्यांत सेलिग्मन म्हणून लहानसें गांव आहे. २२ सप्टेंबर १९७८ रोजीं गांवाबाहेरून नवा महामार्ग सुरूं झाला, आणि गांवांतली रहदारी एका दिवसांत बंद पडली. तेथें एंजल डेलगाडिलो हे केशकर्तनालय चालवीत. ते स्वस्थ बसले नाहींत. १९८७ सालीं त्यांनीं व इतरांनीं मिळून संघटना काढली, राज्य सरकारच्या मागें लागून जुन्या रस्त्यास ऐतिहासिक रस्ता म्हणून मान्यता मिळविली, आणि माणसें पुन्हां येऊं लागलीं. हें यश खरें. पण ज्या गांवांत असा कोणी निघाला नाहीं, त्यांचीं पडकीं दुकानें व गंजलेले पेट्रोलपंप आम्हीं वाटेंत पुष्कळ पाहिले. पुढें ओटमन गांवाकडचा जुना घाट लागतो. चाळीस फुटांवरील गाड्यांस तेथें बंदी आहे. आमची पंचवीसची होती. परंतु वळणें ऐकून मीं त्या सवलतीचा फायदा घेतला नाहीं.

कॅलिफोर्नियाच्या सीमेवर गाड्या थांबवून फळें, रोपें, बीं-बियाणें यांची चौकशी करतात. हें समजल्यावर सौ.नें आदल्या रात्रीं किंगमन गांवीं तीं कणसें हातानें मळलीं, दाणे ताटांत पाखडले, आणि चिरंजीवांच्या घरून आणलेल्या कुकरमध्यें शिजवून घुगऱ्या केल्या. वर मीठ, आणि असलेलें एक लिंबू. माझ्यापुढें वाटी सरकवून म्हणाली, "त्याला चांगलं लागतं म्हणून सांगितलंत ना? मग खा." तिला तेवढें इंग्रजी समजत होतें तर. आम्हीं दोघांनींहि वाट्या संपविल्या. शेवटचा घास घेऊन ती म्हणाली, "इतकी काही वाईट नव्हती."

या सीमेची एक गोष्ट मीं तिला तेव्हां सांगितली. फेब्रुवारी १९३६ मध्यें लॉस एंजेलिसच्या पोलीसप्रमुखानें आपल्या शहराचे १३६ शिपाई शेंकडों मैल दूर राज्याच्या सीमांवर पाठविले होते. दुष्काळाच्या मुलखांतून येणाऱ्या मोटारी अडवावयाच्या, आणि ज्याच्याजवळ पैसा किंवा कामाची शाश्वती नसेल त्याला परत फिरवावयाचें. तें कांहीं आठवडे चाललें.

सकाळीं कोलोरॅडो नदी ओलांडून आम्ही नाक्याशीं आलों. तेथल्या तरुण तपासनिसानें खिडकींतून डोकावून, फळें किंवा रोपें आहेत काय, असें विचारलें. मी नाहीं म्हणालों. त्यानें हातानें पुढें जाण्याची खूण केली.

"झालं? एवढंच विचारलं?" सौ. म्हणाली.

मीं गाडी पुढें घेतली.