शिंगरांची शाळा आणि मजुरीचा प्रश्न

(महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



'एवढी मोठी घोडी झालीस, आता तरी नीट वाग,' हे आपल्यापैकी बहुतेकींनी ऐकलेलं आहे. मलाही ऐकवलं गेलं, तेव्हा मी घोडी पाहिली होती ती फक्त वरातीतली. लग्न होऊन शहादा तालुक्यात आले, तर सासऱ्यांच्या दावणीला दोन मारवाडी घोड्या. आज चार आहेत. घोडी नीट वागते की नाही हे तिला लहानपणी कुणी आणि कसं हाताळलं यावर असतं, एवढं सांगण्याइतके हिवाळे मी त्यांच्यात काढले आहेत.

आमचा धंदा लहान. घोडी अकरा महिने गाभण राहते. शिंगरं बहुतेक उन्हाळ्याच्या तोंडाशी जन्मतात, दसऱ्यानंतर ती आईपासून तोडायची आणि थंडीत शिकवायला घ्यायची. पावसाळ्यात आमची काळी जमीन निसरडी होते, खूर भिजून मऊ पडतात. उन्हाळ्यात खानदेशातलं ऊन माणसालाच सोसत नाही. म्हणून दिवाळी ते होळी एवढीच शाळा. त्यातच दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याची यात्रा आणि घोड्यांचा बाजार. धाकटी शिकत असतात तेव्हाच थोरली विकायला निघतात.

या शाळेत काय चालतं ते जरा सविस्तर सांगते, कारण कुणी विचारत नाही. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना. अगदी कपाळासमोरचं आणि अगदी शेपटीमागचं त्याला दिसत नाही. म्हणून खांद्याच्या बाजूने, बोलत बोलत जायचं, पहिला हात खांद्यावर ठेवायचा, तोंडाला लावायचा नाही. मग मोहरकी. मोहरकीचा दोर हलका ताणायचा आणि थांबायचं. पिल्लू वैतागतं, मान झटकतं, मागे रेटा देतं. तुम्ही तेवढाच ताण ठेवायचा, वाढवायचा नाही. कधीतरी ते एक पाऊल पुढे टाकतं. त्याच क्षणी दोर सैल सोडायचा. सगळी विद्या त्या सोडण्यात आहे. अर्धा क्षण उशीर केलात तर पाऊल टाकल्यामुळे सुटका झाली हे त्याला कळत नाही. दहा-पंधरा मिनिटं झाली की बस, त्यापुढे त्याचं लक्ष राहत नाही. मग पाय उचलून द्यायला शिकवायचं, नाहीतर नालबंद आला की चार माणसं लागतात आणि एखाद्याच्या बरगड्या जातात.

थंडीच्या सकाळी शिंगरू उधाणलेलं असतं. आधी मोकळं पळू द्यावं, ऊन वर आल्यावर कामाला घ्यावं. पाणी कमी पितं, मग पोटशूळ उठतो, म्हणून आम्ही पाणी कोमट करून देतो. दोन वर्षांच्या जनावराला लगामाची सवय लावताना लोखंडी कडी गारठलेली असते. ती आधी पदरात धरून ऊबदार करायची. पहिल्याच दिवशी जिभेला गारठा लागला तर पुढे महिनाभर ते तोंड उघडत नाही.

हे सगळं मी आणि भिल्ल वस्तीवरच्या दोन बाया करतो. तिसरं वर्ष लागलं की एक माणूस येतो, पाठीवर बसतो, रेवाल चाल बसवतो. त्याला शब्द आहे, चाबूकस्वार. त्याचा पगार ठरलेला. घोडा 'त्याने तयार केला' असं बाजारात सांगितलं जातं. त्याच्या कामात कसब आहे, ते मी नाकारत नाही. पण आमच्या दोघींच्या नावापुढे घरच्या वहीत 'शेणपाणी' लिहिलेलं असतं आणि रोज शेतमजुरीचा. 1976 साली समान वेतनाचा कायदा झाला. समान कामाला समान दाम. पण शेणपाणी आणि चाबूकस्वारी ही दोन कामं सारखी आहेत असं कोण म्हणेल? कामाचं नाव कोण ठेवतो, इथेच सगळं ठरतं.

वर कौतुक असतंच. 'बाईच्या हाताला गुण असतो, तिची मायाच वेगळी.' हे कौतुक फार महागात पडतं, बायांनो. मायेला कुणी मजुरी देत नाही. आणि माया म्हणाल तर लाथ बसते तेव्हा ती माझ्यातही शिल्लक नसते, तरी दोर वेळेवर सैल सोडावाच लागतो.

1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये डेन्मार्कच्या लिस हार्टेलने ड्रेसाजमध्ये, म्हणजे घोड्याला बारीक इशाऱ्यांवर चालवण्याच्या स्पर्धेत, पुरुषांच्या बरोबरीने उतरून रौप्यपदक मिळवलं. पोलिओमुळे गुडघ्याखाली तिच्या पायांत बळ नव्हतं. 2023 मध्ये हांगझोच्या आशियाई स्पर्धेत याच प्रकारात भारताच्या चौघांच्या संघाला सुवर्णपदक मिळालं, त्यात सुदीप्ती हजेला आणि दिव्यकृती सिंह या दोघी होत्या. ते पैसेवाल्यांचं जग आहे, मला ठाऊक आहे. पण त्यांच्या पदकाला कुणी माया म्हटलं नाही.

मघाशी एकीने विचारलं, 'तुम्हीही वळणच लावता ना? लगामच घालता ना?' प्रश्न खरा आहे. हो, घालते. जनावर आमच्या पोटासाठी राबणार आहे, ते गोड शब्दांनी झाकत नाही. पण त्याने नकार दिला तर तो ऐकायचा, का दिला ते शोधायचं, खोगीर बोचतंय की दात येतोय, एवढी शिस्त आम्ही पाळतो.

आणि तो नकार कधी कधी आपणच द्यावा लागतो. गेल्या हिवाळ्यात दोन वर्षांच्या शिंगराला गिऱ्हाईक आलं. दलालाने ओठ वर करून दात पाहिले, दुधाचेच होते. तरी म्हणाला, बसून दाखवा, भाव वाढेल. घोड्याच्या गुडघ्याजवळचं हाड अडीच वर्षांच्या सुमारास पक्कं होतं, पाठीचे मणके तर पाचव्या वर्षापर्यंत भरत असतात. मी दोर हातातून सोडला नाही. सौदा मोडला. घरात दोन दिवस कुणी धड बोललं नाही. ते शिंगरू अजून दावणीला आहे आणि त्याच्या रोजच्या चंदीचा हिशेब मला रोज ऐकवला जातो.

या दिवाळीपासून आम्ही तिघींनी वेगळी वही केली आहे. कुठलं शिंगरू, कुणी हाताळलं, किती वेळ, काय शिकलं. त्या दोघींना लिहिता येत नाही, त्या सांगतात, माझी मुलगी लिहिते. 'शेणपाणी' हा शब्द त्या वहीत नाही. दोघींची मागणी आहे की चाबूकस्वाराच्या दराने तासांचे पैसे मिळावेत आणि विक्रीत हिस्सा असावा. माझे यजमान म्हणतात, आधी सारंगखेडा होऊ दे. दोघी म्हणतात, आधी ठरवा, मग मोहरकी हातात घेऊ. मी त्यांच्या बाजूने बसले आहे. बोलणी चालू आहेत, आणि तीन शिंगरं दावणीला शिकायची थांबली आहेत.