गेटवरची पाटी आणि ठेकेदाराची हजेरी



'कंपन्यांची भागीदारी आणि रोजगार' हा विषय मुंबईत मिळाला असता तर मी शेअर बाजारावर बोललो असतो. इथे रायपुरात बसून जामुलच्या सिमेंट कारखान्याची चिमणी सोडून दलाल स्ट्रीटकडे पाहणं मला जमणार नाही.

भागीदारी आपल्या मुलखाला नवी नाही. 1955 साली सोव्हिएत रशियाशी करार झाला आणि भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहिला. पक्की नोकरी, क्वार्टर, शाळा, इस्पितळ. आपल्यापैकी कितीकांचे वडील नागपूर-भंडाऱ्याहून त्याच ओढीने इकडे आले! पण त्याच भिलाईला लोहखनिज पुरवणाऱ्या दल्ली-राजहरात हजारो बायाबापड्या ठेकेदाराच्या हजेरीवर खडी फोडत होत्या. कारखाना एकच, मजूर मात्र दोन जातींचे. 1977 मध्ये कामगार नेते शंकर गुहा नियोगींनी तिथे संघटना बांधली ती याच भेदावर बोट ठेवून. 1991 मध्ये भिलाईत त्यांचा खून झाला.

आता जामुल. एसीसीचा हा कारखाना 1965चा. भिलाईच्या भट्ट्यांतला स्लॅग इथे सिमेंटमध्ये जातो. एकाचा टाकाऊ माल दुसऱ्याच्या कामी येतो, अशी ही शेजारधर्माची भागीदारी. एसीसी ही कंपनीसुद्धा 1936 साली दहा सिमेंट कंपन्या एकत्र येऊनच जन्मली. 2005 मध्ये स्वित्झर्लंडच्या होल्सिम या सिमेंट कंपनीने इथल्या अंबुजा सिमेंटशी हातमिळवणी केली आणि त्या वाटेने एसीसीत शिरकाव केला. पाटी जागतिक झाली. ठेका मजुराचं काय झालं? त्याची हजेरी ठेकेदाराच्याच वहीत राहिली. सिमेंट उद्योगाच्या वेतन निवाड्याप्रमाणे ठेका मजूर फक्त माल चढवण्या-उतरवण्यापुरता. जामुलला तो थेट उत्पादनाच्या कामावर होता, आणि शेजारी उभ्या कायम कामगारापेक्षा त्याचा पगार कितीतरी कमी. प्रगतिशील सीमेंट श्रमिक संघ हे गाऱ्हाणं घेऊन वर्षानुवर्षं कोर्टकचेऱ्या करत राहिला.

माझ्या मते खरी भागीदारी असते ती कंपनी आणि ठेकेदाराची. वरचे धनी बदलतात, हे नातं तुटत नाही. कोरब्यात तर ही उतरंड जिवावर बेतली. 2001 मध्ये बाल्को या सरकारी ॲल्युमिनियम कंपनीचा 51 टक्के हिस्सा सरकारने खासगी स्टरलाइटला विकला, तेव्हा कामगारांनी दोन महिन्यांहून अधिक काळ संप केला. पुढे 23 सप्टेंबर 2009 रोजी तिथल्या वीजप्रकल्पाची अर्धवट बांधलेली चिमणी कोसळली आणि किमान 40 मजूर दगावले. प्रकल्प बाल्कोचा, कंत्राट एका चिनी कंपनीचं, चिमणीचं काम आणखी तिसऱ्याच कंपनीकडे, आणि मजूर त्याही खालचा. इतक्या हातांतून गेल्यावर जबाबदारी कुणाच्या हाती उरते?

जामुलच्या गोष्टीत मात्र एक गंमत आहे, आणि मला ती फार मोलाची वाटते. धनी स्विस झाला, तसं मजुरालाही स्वित्झर्लंडचं एक दार सापडलं. बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या वागणुकीसाठी ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. 2012 मध्ये जामुलच्या प्रगतिशील सीमेंट श्रमिक संघाने त्यांचा आधार घेऊन थेट स्विस सरकारच्या बर्नमधल्या कार्यालयात तक्रार नेली. तिथून हुकूम सुटत नाही, वाटाघाटीला बसवतात एवढंच. पण ज्याला इथला ठेकेदार 'उद्यापासून येऊ नकोस' म्हणू शकतो, त्याच्या नावाचा कागद बर्नला उघडला गेला, ही काय लहान गोष्ट आहे? 2016 मध्ये कंपनी आणि युनियन यांच्यात समझोता झाला. पंचवीस वर्षांच्या झगड्यानंतर! तोवर कित्येकांची कामाची वयं उलटून गेली होती.

मग 2022चा सप्टेंबर आला. होल्सिमने अंबुजा आणि एसीसीतला आपला हिस्सा अदानी समूहाला विकला. पाटी पुन्हा देशी झाली, टाळ्याही पडल्या. भारत मात्र ओईसीडीच्या त्या तत्त्वांत सामील नाही. जामुलच्या गेटवरच्या मजुराला आता गाऱ्हाणं मांडायला रायपूर आहे, बिलासपूर आहे, फार तर दिल्ली. बर्नचं दार त्याच्यासाठी मिटलं आहे.