काच तडकली, मासे बादलीत

अमरावतीतली मे महिन्याची दुपार, पारा 45 च्या घरात, आणि माशांच्या टँकची काच तडकली. मासे बादलीत, पाणी फरशीभर. आता?

आधी जुन्या फिल्टरचा स्पंज टँकच्याच पाण्यात ओला ठेवा. सवयीनं नळाखाली धुऊ नका, सगळी मेख तिथंच आहे. माशांच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो. स्पंजातले जिवाणू त्याचं नायट्राइट आणि पुढे बरंचसं निरुपद्रवी नायट्रेट करतात. ते मेले, तर नव्या टँकमध्ये त्यांची वस्ती बसायला 4 ते 6 आठवडे जातात, आणि तोवर मासे स्वतःच्याच विषात पोहतात.

आपल्या नळाला अप्पर वर्धा धरणाचं पाणी येतं, क्लोरीन घातलेलं. ते दिवसभर पसरट भांड्यात उघडं ठेवा. घाई असेल तर दुकानात मिळणारे क्लोरीन मारणारे थेंब घाला. बादलीत एअर पंप सुरू हवाच, तापल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. कूलरच्या टाकीतलं पाणी मात्र नको, कितीही गार वाटलं तरी.

नवा टँक भरला, की मासे बादलीतल्या पाण्यासकट पिशवीत घ्या आणि पिशवी 15-20 मिनिटं त्यात तरंगू द्या. पहिले काही दिवस खाणं चिमूटभरच. लेकरं हट्ट करतील, करू द्या.