हरकत नाही

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



लाउडस्पीकरच्या परवानगीसाठी जो अर्ज करतात, त्याचा एक ठरलेला साचा असतो. वर विषय, मग 'महोदय', मग तारीख-वेळ, आणि शेवटाकडे एक वाक्य : 'सदर कार्यक्रमास परिसरातील रहिवाशांची कोणतीही हरकत नाही.' आमच्या मोहल्ल्यातल्या छोट्या उरुसाचा हा अर्ज पंधराएक वर्षं मी लिहिला. मी मराठी घेऊन बी. ए. झालो, चार कविता छापून आल्या; तेव्हा याचं मराठी सरकारी कागदावर चालेल, असा मोहल्ल्याचा हिशेब. ते वाक्य मी दरवर्षी वळणदार अक्षरात लिहिलं, आणि दरवर्षी एकाही घराची कडी वाजवून विचारलं नाही. आज त्या वाक्याविषयी बोलायचं आहे.

मी इंदापूरचा. आमच्याकडे मोठा संगीत महोत्सव भरतो असं म्हटलं, तर पुण्याचा माणूस हसेल. पण वर्षातून एकदा लाखांनी माणसं टाळ-मृदंग घेऊन आमच्या दारावरून गात जातात, रात्री आमच्या ओसरीवर भजनं म्हणतात. याला दुसरं काय नाव द्यायचं? तुकोबांच्या पालखीचा हा सोहळा त्यांचे पुत्र नारायण महाराज यांनी १६८५ साली सुरू केला, असं सांगतात. देहू सोडल्यावर पालखीची पहिली अभंग-आरती अनगडशहा बाबांच्या दर्ग्यापाशी होते. आमच्या घरी ही गोष्ट फार अभिमानानं सांगितली जायची. पुढं बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर करत पालखी सराटीला नीरा ओलांडते. वाटेत काटेवाडीला परीट मंडळी धोतरांच्या पायघड्या घालतात, पालखीभोवती मेंढ्यांचं रिंगण होतं. बेलवाडीच्या गोल रिंगणात घोडा धावतो, तेव्हा हजारो टाळ एका ठेक्यात वाजतात. तो आवाज कानांनी ऐकायचा नसतो, तो पायांतून वर चढतो.

माझ्या लहानपणी मराठवाड्यातली एक दिंडी दरवर्षी आमच्या गल्लीत उतरायची. अम्मानं वारकऱ्यांसाठी पितळी पातेली वेगळी ठेवली होती. वरच्या फळीवर, फडक्यात बांधून. त्यांत वर्षभर दुसरं काही शिजायचं नाही. पालखीचा नगारा ऐकू आला की ती म्हणायची, "अरे, चाय रख. लोकां चलके आये हैं." रात्रभर मृदंग चालायचा. सकाळी आम्हा पोरांचे डोळे चुरचुरायचे, पण त्याला कोणी त्रास म्हटलं नाही. पाहुणा घोरतो म्हणून कोणी त्याला उठवत नाही.

२०२० साली करोनामुळे पायी वारी झाली नाही. पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या; २०२१लाही तसंच झालं. त्या आषाढात इंदापूरच्या रस्त्यावर जी शांतता होती, ती मला अजून आठवते. कोणाची झोपमोड झाली नाही आणि कोणाला धड झोपही लागली नाही. अम्मा तेव्हा नव्हती. पातेली मी उगाच खाली काढली, चिंच लावून घासली आणि परत ठेवून दिली.

हे सगळं खरं. पण वारीला कोणी हरकत घेत नाही म्हणजे कोणाला त्रास होत नाही, असं मी म्हणणार नाही. पालखी गेल्यावर दोन-तीन दिवस गाव झाडावं लागतं. रस्त्याकडेच्या शेतकऱ्याला विचारा, त्याच्या बांधावर काय काय उरतं. अलीकडं फिरती शौचालयं आली, बराच फरक पडला, तरी सगळं संपलेलं नाही. घरात बाळंतीण असते, कोणी अंथरुणाला खिळलेलं असतं. त्या घरालाही ही रात्र काढायची असते. ते घर बोलत नाही, कारण देवाच्या कामात बोलू नये असं आपल्याला शिकवलेलं आहे.

जिथं देवाचं काम नसतं, तिथं लोक बोलतात. आपल्याच जिल्ह्यात, हवेली तालुक्यातल्या केसनंदला २०१६च्या डिसेंबरात 'सनबर्न' हा इलेक्ट्रॉनिक संगीताचा महोत्सव झाला. २००७ साली गोव्यात कांदोळीला सुरू झालेला हा महोत्सव तिथून आपल्याकडं आला होता. पुढच्या वर्षी तो मुळशी तालुक्यात लवळ्याच्या डोंगरावर गेला आणि परिसरातल्या रहिवाशांनी विरोध केला. मग तो परत गोव्याला गेला. २०२४ साली पेडणे तालुक्यातलं धारगळ गाव निवडलं, तेव्हा तर गाव उभं फाटलं. पंचायतीत परवानगीचा ठराव ५ विरुद्ध ४ मतांनी निघाला, मामला उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापर्यंत गेला. जवळच आयुर्वेदाचं मोठं इस्पितळ आहे, तिथल्या रुग्णांचं काय, असाही प्रश्न निघाला. अखेर अटी घालून महोत्सव झाला, आणि २०२५ साली मुंबईला गेला.

या बातम्या वाचताना आमच्या चहाच्या टपरीवर एक सोपं उत्तर तयार होतं. ते परकं संगीत, ती नशेची पोरं, म्हणून विरोध. मला ते पुरेसं वाटत नाही. त्या पाच मतांमागंही माणसं होती. कोणाची खोली भाड्यानं जाते, कोणाची गाडी चालते, कोणाच्या हॉटेलात गर्दी होते. आणि त्या चार मतांमागं सगळेच काही संस्कृतीचे राखणदार नव्हते. आपल्या गावात काय होणार हे आपल्याला वर्तमानपत्रातून कळतं, हा अपमान साधा नाही. धारगळला निदान मतं तरी मोजली गेली. माझ्या अर्जात मी ती न मोजताच लिहून टाकत होतो.

पुण्याच्या 'सवाई'चंही सांगतो. भीमसेन जोशींनी १९५३ साली गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केलेला हा महोत्सव कितीतरी वर्षं शनिवार पेठेत रमणबागेच्या मैदानावर भरायचा. कॉलेजात असताना मी इंदापूरहून एसटीनं जायचो. तिकिटाला पैसे नसले की बाहेर कट्ट्यावर बसायचो. तेव्हा मैफल उजाडेपर्यंत चाले. डिसेंबरची थंडी, पहाटेचे राग, आणि समोरच्या वाड्यातल्या एका आजींनी न विचारता दिलेला चहा. त्या आजींना जवळजवळ घरबसल्या गाणं मिळायचं, असं मला तेव्हा वाटलं होतं. त्याच वाड्यात कोणाला गाणं नको असेल, हे डोक्यातही आलं नाही. ज्याला गाणं आवडतं, त्याला ते कोणाला नकोसं असेल हे खरंच वाटत नाही. कवींचंही तसंच असतं म्हणा.

पुढं रात्री दहाची मर्यादा आली. अनेक रसिक हळहळले, मीही हळहळलो. मग केव्हातरी त्या निकालाची हकिकत वाचली. सर्वोच्च न्यायालयाचा तो निकाल १८ जुलै २००५चा. त्या याचिकेमागं एक घटना होती. १३ वर्षांच्या एका मुलीवर अत्याचार झाला, ती मदतीसाठी ओरडली, आणि लाउडस्पीकरच्या गोंगाटात तिची हाक कोणाला ऐकू गेली नाही. हे वाचल्यावर पहाटेच्या रागांविषयीची माझी हळहळ जरा खाली बसली. नियमानुसार वस्तीत रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. म्हणजे साधं बोलणंसुद्धा जरा हळू आवाजातच करायचं.

आता आमच्या उरुसाकडं येतो. चांद्र पंचांगामुळं उरूस दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडं सरकतो. असा सरकत सरकत तो एकदा बरोबर परीक्षांच्या दिवसांत आला. कव्वाली रात्री दीडपर्यंत चालली. दुसऱ्या दिवशी मला कळलं, की शेजारचे तात्या पंधरा दिवसांपूर्वीच हृदयाची शस्त्रक्रिया करून घरी आलेत आणि भोंगा त्यांच्या खिडकीसमोर होता. तात्या माळकरी, वयानं माझ्या वडिलांचे दोस्त. मी धावत गेलो.

"तात्या, एक निरोप धाडायचा होता."

"कुणाकडं? मी बोललो असतो, तर उद्या गावात काय झालं असतं? तात्यानं मुसलमानांचा उरूस बंद पाडला. त्यापेक्षा जागलेलं बरं."

मी काही बोललो नाही. कारण मिरवणुकीतला डीजे आमच्या दाराशी तासभर थांबतो, घरातली कपाटं थरथरतात, तेव्हा मीही अगदी याच हिशेबानं गप्प बसतो. आम्ही दोघं पन्नास पावलांवर राहतो. दोघांनाही रात्री झोप हवी असते, आणि एकमेकांना सांभाळायचं म्हणून दोघंही जागे.

पुढच्या वर्षी अर्ज लिहायच्या आधी मी घरोघर गेलो. फार बरा अनुभव नव्हता. आपल्याच माणसांनी विचारलं, "चाचा, हे नवीन काय काढलं?" काहींनी तोंडदेखलं "चालू द्या" म्हटलं. एक बाई स्पष्ट म्हणाल्या, "माझी मुलगी बारावीला आहे, मला चालणार नाही." तात्या म्हणाले, "भोंगा त्या लिंबाकडं फिरव." मग मी अर्जात लिहिलं, की दोन घरांची हरकत आहे, भोंगा पूर्वेकडं वळवू आणि दहाला बंद करू.

कारकुनानं कागद दोनदा वाचला. "चाचा, असं कुणी लिहितं का? 'हरकत नाही' असंच लिहा. साचा तसा आहे." मी लिहून दिलं नाही. दोन हेलपाटे पडले, परवानगी मिळाली. दहाला कव्वाल उठला तेव्हा तरुण पोरं माझ्यावर चिडली होती. त्यातला एक अजून मला सलाम करत नाही.

सकाळी तात्या दारात उभे होते. म्हणाले, "शेवटची कुठली म्हणली रे? मला मध्येच डोळा लागला."