चतुरिंद्रिय मधमाशी आणि आपली अहिंसा

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



मद्य, मांस आणि मधु यांचा त्याग आपल्या अष्टमूलगुणांत सांगितला आहे. त्यामुळे आपल्या घरांत मध येत नाही. परंतु ज्या जीवासाठी आपण मध वर्ज्य केला, त्या मधमाशीची आपल्याला कितपत ओळख आहे, हा प्रश्न आज आपणांसमोर ठेवावयाचा आहे.

आचार्य उमास्वामींनी तत्त्वार्थसूत्राच्या दुसऱ्या अध्यायात कृमी, मुंगी, भ्रमर आणि मनुष्य असा इंद्रियांच्या चढत्या क्रमाने जीवांचा विचार केला आहे. मधमाशी भ्रमराच्या वर्गातील. स्पर्शन, रसना, घ्राण आणि चक्षू ही चार इंद्रिये असलेली. आधुनिक विज्ञानाची मोजपट्टी निराळी आहे आणि दोहोंची ओढूनताणून सांगड घालण्याचा माझा हेतू नाही. तथापि या चिमुकल्या जीवाकडे आयुष्यभर लक्ष देणाऱ्या एका शास्त्रज्ञाचे कार्य श्रावकाने जाणून घ्यावे असे आहे.

कार्ल फॉन फ्रिश यांचा जन्म १८८६ साली व्हिएन्ना येथे झाला. मधमाशीला रंग दिसत नाहीत, असे त्या काळी म्युनिकमधील एका नामवंत नेत्रतज्ज्ञाचे मत होते. मग फुलांना रंग कशासाठी, हा विचार तरुण फ्रिश यांना स्वस्थ बसू देईना. त्यांनी करड्या रंगाच्या निरनिराळ्या छटांच्या कागदांमध्ये एक निळा कागद मांडला आणि त्यावर साखरपाण्याची बशी ठेवली. पुढे कागदांच्या जागा बदलल्या, बशी रिकामी ठेवली, तरी माश्या निळ्या कागदावरच येत राहिल्या.

त्यानंतर माश्यांच्या अंगावर रंगाचे ठिपके देऊन, काचेच्या पोळ्यातून त्यांनी वर्षानुवर्षे निरीक्षण केले. फुलोरा सापडलेली माशी पोळ्यावर परतून नाचते. उभ्या पोळ्यावर सरळ वरची दिशा म्हणजे सूर्याची दिशा. तिच्याशी नाचाचा जो कोन, तोच सूर्याशी फुलोऱ्याचा कोन. सरळ धाव जितकी लांबते, तितके फुलोऱ्याचे अंतर अधिक. १९७३ साली लोरेन्झ आणि टिनबर्गन यांच्यासमवेत फ्रिश यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

कोणी म्हणेल, शास्त्रज्ञ तर कीटकांना टाचणीने टोचून ठेवतात. त्यांच्याकडून आपण दया काय शिकावी? आक्षेप रास्त आहे. त्या हिंसेचे समर्थन मी करणार नाही. पण आपल्या हातातील फवारणीपंपाचे काय?

आपल्यातील अनेक कुटुंबे शेती करतात. शेतीतील हिंसा शास्त्रकारांनी उद्योगी हिंसेत गणली आहे; ती गृहस्थाला पूर्णपणे टाळता येत नाही, परंतु कमी करणे हे त्याचे कर्तव्य आहे. थायमेथोक्झाम या कीटकनाशकाच्या, तत्काळ प्राण न घेणाऱ्या अल्प मात्रेनेही मधमाश्या घरची वाट चुकतात, असे २०१२ साली फ्रान्समधील संशोधकांनी दाखविले. २०१८ साली युरोपीय संघाने या औषधासह तीन कीटकनाशकांच्या उघड्या शेतातील वापरावर बंदी घातली. मध न खाणारे आपण, फुलोऱ्यावर औषध मारून सबंध पोळे संपवीत असू, तर त्या त्यागाला काय अर्थ उरला?

उपाय अवघड नाहीत. सूर्यफूल, डाळिंब, काकडी, कारले ही पिके फुलोऱ्यात असताना फवारणी टाळावी. अगदीच अटळ झाली, तर माश्या पोळ्याकडे परतल्यावर, सायंकाळी करावी. बांधावर थोडी फुलझाडे राखावीत. याने हिंसा शून्य होणार नाही. पण ती निश्चित घटेल, आणि परागीभवन टिकल्याने पिकालाही लाभच होईल.

सूर्यास्तापूर्वी जेवणे हे व्रत आपल्या पूर्वजांनी दिव्यावर झेपावणारे सूक्ष्म जीव डोळ्यांनी पाहून जपले. ते पाहणे आपणही सोडू नये. ज्या जीवाला आपण ओळखतच नाही, त्याची दया करणार तरी कशी?