तुळस, मुंग्या आणि मधला चमचा



मी थायलंडमध्ये शिकायला राहून आले हे कळलं की लोक अभ्यासाचं विचारत नाहीत, तिथल्या हवेचं विचारत नाहीत. जरा पुढे झुकतात आणि आवाज खाली आणून विचारतात, "किडे खाल्लेस का गं?" खाल्ले. त्याचं पुढे सांगतेच. पण किड्यांशी माझं लवकर जमलं. वेळ लागला तो तुळशीशी जमायला.

विद्यार्थ्यांच्या देवाणघेवाणीच्या योजनेतून मी गेले ती खोन केन या शहरात. देशाचा हा ईशान्य भाग, थाई लोक त्याला इसान म्हणतात. हे पठार. समुद्र दूर, पाऊस लहरी, शेती बरीचशी त्याच पावसावर. मेकाँग नदी ओलांडली की लाओस, त्यामुळे इथली घरातली बोलीही लाओच्या जवळची. ज्या कुटुंबात मी राहिले त्यातली आई शाळेत शिक्षिका होती. तिला मी 'मॅ' म्हणायची आणि तिच्या आईला 'याय', म्हणजे आजी. स्वयंपाकघर यायच्या ताब्यात होतं आणि तिथे कोणाचं काही चालत नसे.

मी रत्नागिरीकडची. नारळ असेल तिथे कुठेही जगू, अशी आमची समजूत. थायलंड म्हणजे नारळाच्या दुधातली आमटी, हे चित्र डोक्यात घेऊनच विमानात बसले होते. ते चित्र बँकॉकचं आणि दक्षिणेचं. इसानच्या रोजच्या जेवणात नारळाचं दूध क्वचितच. ताटात यायचं ते आंबट, खारट, तिखट आणि कडू. कडूसुद्धा हौसेने खाणारे लोक आहेत ते.

भात मात्र पहिल्यापासून आवडला. तो चिकट असतो. या तांदळात अमायलोज नावाचा घटक जवळजवळ नसतोच, म्हणून शितं एकमेकांना सोडत नाहीत. तांदूळ रात्रभर भिजवायचा आणि सकाळी बांबूच्या निमुळत्या टोपलीत घालून वाफेवर शिजवायचा. पाण्यात शिजवायचा नाही. मग तो झाकणाच्या विणलेल्या करंडीत भरून ठेवायचा. जेवताना करंडीत हात घालून लहानसा गोळा मोडायचा, बोटांनी दाबायचा आणि चटणीत बुडवून तोंडात टाकायचा. बँकॉकमध्ये जेवण चमच्याने. काटा असतो तो अन्न चमच्यावर ढकलण्यापुरता. चॉपस्टिक्स लागतात त्या नूडल्सना. इसानात हाताला मान आहे, आणि हाताने जेवणाऱ्या मुलीला तेवढ्याने निम्मं घर मिळालं.

आता प्ला रा. प्ला रा म्हणजे मुरवलेला मासा. नदीतला किंवा भातखाचरातला मासा, मीठ आणि भाजून कुटलेला तांदूळ किंवा कोंडा, असं सगळं मडक्यात भरून कित्येक महिने ठेवतात. समुद्र नाही तर एवढं मीठ कुठलं? ते जमिनीखाली आहे. कोरड्या दिवसांत मातीवर पांढरा थर येतो. तो खरवडायचा, पाण्यात कालवायचा, गाळायचा आणि आटवायचा. इसानच्या खेड्यांत असंच मीठ काढत आले आहेत. पावसाळ्यात मासे उदंड, पुढे महिनोन् महिने कोरड, आणि हाताशी मीठ. तिथे प्ला रा झाला नसता तरच नवल.

याय मडक्याचं झाकण उघडायची तेव्हा ते बाहेर बसलेल्यांना कळायचं. तो वास मी गोड करून सांगणार नाही. कुजल्याचाच वास तो. पण आमच्या घरी पावसाळ्याच्या बेगमीला सुके बोंबील आणि जवळा भरतात. सुकं भाजलं की मुंबईच्या इमारतीत शेजारचे दारं कशी लावून घेतात, तेही मी पाहिलंय. कोणाच्या वासाला नाकं मुरडायची, याचा निर्णय नाकापेक्षा शेजार जास्त करतो. समुद्राकडच्या थाई लोकांची 'कापी' तर जवळ्यासारखीच बारीक कोळंबी मिठात मुरवून, उन्हात सुकवून, कुटून केलेली. ती हुंगली आणि आईची आठवण आली. प्ला रा तसा नव्हता. तो आधी पपईतून पोटात गेला, मग नाकाने हार मानली.

ही पपई म्हणजे सोम ताम. कच्च्या पपईचा लांब कीस मातीच्या उंच खलात लाकडी बत्त्याने हलकेच कुटतात. त्यात लसूण, मिरची, चवळीच्या शेंगा, टोमॅटो, लिंबू. शहरी प्रकारात शेंगदाणे आणि ताडाचा गूळ पडतो. इसानच्या प्रकारात प्ला रा, कधी खारवलेला शेतातला खेकडा, आणि सालासकट कापलेला अंबाडा. हो, आपला अंबाडाच, कोकणात आमटीत घालतात तो. कुटणारी बाई आधी विचारते, मिरच्या किती घालू? उत्तर ऐकून ती तुमची जातकुळी ओळखते. गंमत अशी की, इसानची ओळख म्हणून जगभर गेलेल्या या पदार्थातली पपई आणि मिरची दोन्ही अमेरिका खंडातून आलेली, पोर्तुगीज आणि स्पॅनिश जहाजांच्या काळात. पाचशे वर्षांपूर्वी सोम ताम नव्हता. आपला ठेचाही नव्हता म्हणा.

आणि तुळस. शाळेच्या उपाहारगृहात एक पदार्थ रोज असायचा, पॅड कफ्राव. खिमा, लसूण आणि मिरची मोठ्या आचेवर परतायची, वर माशाचं खारट पाणी, आणि शेवटी मूठभर पानं. भातावर हे आणि त्यावर तळलेलं अंडं. काय मागवावं ते सुचेना की थाई माणूस हेच मागवतो. ती पानं कढईत पडली आणि मी जागच्या जागी थांबले. तो वास मला जन्मापासून माहीत होता. थायलंडात या कुळातल्या तीन वनस्पती रोज वापरात असतात. एक बडीशेपेच्या वासाची, एक लिंबाच्या वासाची, तिचं बी सब्जासारखं फुलतं, आणि तिसरी ही कफ्राव, म्हणजे शास्त्रीय नावासकट आपल्या अंगणातली तुळस. आपल्याकडे जशी पांढरी आणि काळी, तशा तिथेही दोन. काळपट देठाची जास्त वासाची म्हणून तिला भाव अधिक.

माझे आजोबा माळकरी. गळ्यात तुळशीची माळ घातली की मांस सुटलं, हा आमच्या घरातला नियम. आजी, आई आणि आम्ही मुलं मासे खायचो, पण आजोबांची भांडी वेगळी असायची. नैवेद्यावर तुळशीपत्र, कार्तिकात तुळशीचं लग्न, आणि माणूस शेवटच्या घटका मोजत असला की तोंडात गंगाजळ आणि तुळस. ते पान डुकराच्या खिम्यात पाहिलं तेव्हा मला किळस आली नाही. आला तो राग, आणि तो कोणावर आला हे सांगता येईना. बरेच दिवस मी पानं बाजूला काढून ठेवायची. मॅला वाटलं, पोरीला हिरवं आवडत नाही. शेवटी घरी फोनवर आजोबांना सांगितलं. मला वाटलं, गप्प बसतील. ते म्हणाले, "मंजिऱ्यांसकट घालतात की नुसती पानं?" मंजिऱ्याही घालतात, मी म्हटलं. "मग उग्र होत असेल," ते म्हणाले, आणि पावसाचं विचारायला लागले. दुसऱ्या दिवशी मी पानांसकट जेवले. उग्र होतं आणि फार चांगलं होतं. तरी अजूनही घरी मी ते करत नाही. अंगणातल्या तुळशीची पानं त्यासाठी माझ्याने तोडवत नाहीत.

किड्यांचं आता थोडक्यात. रात्रीच्या बाजारात तळलेले नाकतोडे, रेशमाच्या कोषांतले किडे, बांबूतल्या अळ्या मिळतात. वरून सोया सॉस आणि मिरपूड फवारतात. कुरकुरीत, खारट, बास. रातकिड्यांची शेती तर तिथे रीतसर चालते. तिचं तंत्र खोन केन विद्यापीठाने १९९८च्या सुमारास शेतकऱ्यांपर्यंत नेलं आणि पुढे हजारो घरांचा तो जोडधंदा झाला. मला खरोखर आवडली ती तांबड्या मुंग्यांची अंडी. आंब्याच्या झाडावर पानं शिवून घरटं करणाऱ्या या मुंग्या. उन्हाळ्यात लांब बांबूच्या टोकाला टोपली बांधून घरटं टोचायचं आणि हलवायचं. अंडी खाली, मुंग्या काठीवरून तुमच्या अंगावर. रानभाजीच्या पातळ रश्श्यात ही अंडी घालतात. दाताखाली फुटली की लोण्यासारखी, मागून जराशी आंबट. यात आपण नाक वर करण्यासारखं काही नाही. आपल्याच गडचिरोलीत माडिया लोक तांबड्या मुंग्यांची चटणी करतात. ती खाऊन पाहायला मला थायलंडला जावं लागलं नसतं.

दुरियन या फळाचंही लोक विचारतात. फणस खाणाऱ्या माणसाला त्यात धक्का बसण्यासारखं काही नाही.

धक्का होता तो चमच्याचा. जेवण मध्यभागी मांडतात, प्रत्येकाने एका वेळी एका पदार्थातलं घासापुरतं घ्यायचं. ताटात एकदम वाढून घेणं हावरटपणाचं दिसतं. इथवर ठीक. पण आंबट-तिखट सूपच्या एकाच वाडग्यात यायचा, मॅचा, मॅच्या भावाचा चमचा बुडायचा, तोंडात जायचा आणि परत बुडायचा. उष्टं-खरकटं हे ज्या घरात बोलायला शिकण्याआधी शिकवतात, तिथून आलेल्या मुलीला मुंगी परवडली, हे नाही. सरकारी आरोग्य खात्याचंही म्हणणं माझ्यासारखंच होतं. गरम खा, मधला चमचा वापरा, हात धुवा, ही तिथली जुनी घोषणा आहे, आणि वाढायला वेगळा 'मधला चमचा' शहरांतून रुळलेलाही आहे. मॅने माझा चेहरा पाहिला आणि न बोलता एक चमचा मधे आणून ठेवला. यायने तो कधी वापरला नाही.

आता जी मुलं-मुली अशा योजनांतून तिकडे जाणार आहेत, त्यांच्यासाठी. "सगळं चाखून बघा" असा सल्ला तुम्हाला मिळेल. तो अर्धवट आहे. इसानात 'कॉय प्ला' नावाचा गोड्या पाण्यातल्या कच्च्या माशाचा पदार्थ असतो. लिंबू पिळलं की मासा शिजतो, असं प्रेमाने सांगतील. तो शिजत नाही. त्या माशांतून यकृतात चपटे कृमी जातात, वर्षानुवर्षं राहतात, आणि त्यांच्यापासून पित्तनलिकेचा कर्करोग होतो. ईशान्य थायलंडात या कर्करोगाचं प्रमाण जगात सर्वांत जास्त आहे, आणि खोन केनचे डॉक्टर अनेक वर्षं गावोगाव जाऊन हेच सांगत आहेत. तेव्हा तिथे हात जोडा आणि 'नाही' म्हणा. यजमान रागावत नाहीत. प्ला रासुद्धा उकळलेला आहे ना, हे विचारून घ्या.

शाकाहारी असाल तर 'भाजी द्या' म्हणून भागणार नाही. भाजीत माशाचं पाणी असतं आणि ते त्यांच्या हिशेबी मांसाहार नसतो. पिवळ्या झेंडीवर तांबडं अक्षर दिसलं की ते 'जे' जेवणाचं दुकान. चिनी परंपरेतलं हे व्रताचं जेवण, त्यात मांस-मासे तर नाहीतच, कांदा-लसूणही नाही. आपल्या चातुर्मासवाल्यांनाही चालेल. शरद ऋतूत नऊ दिवस या झेंड्या सगळीकडे लागतात, एरवी शोधाव्या लागतात. काय खात नाही ते पोहोचल्याच दिवशी यजमान आईला स्पष्ट सांगून टाका, आणि बाकीचं तिच्यावर सोडा.