कढी का कळकते?



आज आपण धातूंविषयी बोलू. कुणी म्हणेल, हा तर शाळेतल्या पोरांचा विषय! तसं नाही. चुलीवरचं पातेलं, हातातला कोयता, गोठ्यावरचा पत्रा, हे सगळे धातूच.

आमच्या घरची गोष्ट सांगतो. एक पितळेचं पातेलं होतं. कल्हई उडून ते आतून पिवळं दिसू लागलं होतं. कल्हईवाला येईल तेव्हा पाहू, अशी आम्ही चालढकल केली. एका रात्री उरलेली कढी त्यातच राहिली. सकाळी पोरांनी ती भाताबरोबर खाल्ली. थोड्या वेळानं दोघांना उलट्या सुरू झाल्या. धाकटा तर पार गळून गेला. दवाखान्यात न्यावं लागलं. पोरं वाचली, पण ती सकाळ आम्ही विसरलो नाही.

झालं काय? पितळ म्हणजे तांबं आणि जस्त यांचं मिश्रण. ताक, चिंच, कोकम, लिंबू यांत आम्ल असतं. आम्ल आणि हवा मिळून तांब्याला खातात. तांब्याचा अंश अन्नात उतरतो. आपल्या बाया म्हणतात, "कढी कळकली." रसायनाचं पुस्तक न वाचताही त्यांनी हे ओळखलं होतं!

कल्हई म्हणजे कथलाचा पातळ थर. कल्हईवाला भांडं तापवतो, नवसागर टाकतो, कथील लावतो आणि कापसानं फिरवतो. कथील २३२ अंशांवरच वितळतं, तांब्याला १०८५ अंश लागतात. म्हणून भांडं शाबूत राहतं आणि कथील पाण्यासारखं पसरतं. नवसागर तांब्यावरची मळी काढतो. मळीवर कथील धरत नाही. आंबटाला कथील तांब्यापेक्षा चांगलं सोसतं.

एक सावधगिरी मात्र ठेवा. कथलात स्वस्त शिसं मिसळलेलं असू शकतं. शिसं हे हळू चढणारं विष आहे, आणि लहान मुलांना त्याचा धोका फार. कथलाची कांडी कानाजवळ धरून वाकवा. चोख कथील कुरकुर आवाज करतं. शिसं मुकाट वाकतं, आणि कागदावर घासलं तर काळी रेघ उठते.

आता धातूंचा स्वभाव पाहू. मोरचुदाच्या पाण्यात लोखंडाची सुरी बुडवा. जरा वेळानं पात्यावर तांबूस थर दिसेल. तो तांब्याचा. मोरचुदात तांबं असतं. लोखंड त्याला बाहेर ढकलतं आणि स्वतः त्याची जागा घेतं. बागेवर मोरचूद-चुना फवारणारे शेतकरी हीच परीक्षा करतात. पातं तांबूस झालं, तर चुना कमी पडला. म्हणूनच हे मिश्रण लोखंडी बादलीत करू नये. आणि मोरचूद विषारी आहे, तो पोरांच्या हाती देऊ नका. ती सुरीही पुन्हा भाजीला घेऊ नका.

लोखंडापेक्षा जस्त चपळ. भिवंडीकडे खाडीचा खारा वारा येतो, त्यानं लोखंड लवकर गंजतं. म्हणून गोदामांवरच्या पत्र्याला जस्ताचा मुलामा देतात. पत्र्याला ओरखडा पडला, तरी आधी जस्त झिजतं आणि लोखंडाला सांभाळतं. जस्त संपलं, की मग गंजाचं राज्य.

जो धातू चपळ, तो दगडातून काढायला कठीण. सोनं आळशी, ते नदीच्या वाळूतही मोकळं सापडतं. लोखंडाच्या दगडात लोखंडाला प्राणवायू चिकटलेला असतो. भट्टीत कोळसा पेटवला, की तो प्राणवायू ओढून घेतो आणि लोखंड सुटतं. ॲल्युमिनियमपुढे मात्र कोळशाचं काही चालेना. १८८६ साली अमेरिकेत हॉल आणि फ्रान्समध्ये एरू या दोन तरुणांनी, एकमेकांना न कळता, ते विजेनं सोडवलं. तोवर हा धातू फार महाग होता. आज त्याची पातेली घरोघरी आहेत. त्याचा दगड, बॉक्साइट, आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातही निघतो. पण ॲल्युमिनियमच्या भांड्यातही चिंचेचं सार रात्रभर ठेवू नका. आंबट त्यालाही खातं. त्यापेक्षा मडकं बरं.

जाता जाता एक. वज्रेश्वरीच्या गरम कुंडात आंघोळ केली आणि पैंजण काळवंडले, तर सोनाराशी भांडू नका. चांदीवर गंधकाची पुटं चढतात. राखेनं घासा, निघतील.